सोळा कुलपांची एकच ओळ

चूक कळून सहा दिवस झाले होते आणि आज सातवा होता. मामाच्या दुकानात सातव्या दिवसाला फार मान होता.

मामाचा कुलपांचा धंदा. नुसती कुलपं कोणीही विकतं. मामा कुलपं भरायचा. पितळेचं रिकामं पोट घ्यायचं, त्यात ठरल्या उंचीच्या पाच बारीक पिना बसवायच्या आणि त्या उंचीला जुळतील असे दाते चावीवर कापायचे. प्रत्येक कुलपाच्या पिना वेगळ्या, म्हणून प्रत्येक घराची चावी वेगळी. शास्त्र एवढंच. चाळीस वर्षांत मामाने त्यात स्वतःच्या डोक्याने एकच भर घातली होती: चूक झाली तर ती कळल्यापासून सात दिवसांत गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाने सांगायची. आधी गिऱ्हाइकाला, मग मामाला.

"माझ्याकडे आधी आलात तर मी ती झाकायची युक्ती सांगेन," मामा म्हणायचा. "त्या बाबतीत माझं डोकं फार चालतं. म्हणून नकोच."

सातच दिवस का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "माणसाला नीट घाबरून घ्यायला सात दिवस पुरतात." आठवा दिवस उजाडला की मामा माणसाला कामावरून काढायचा. असा त्याने आजवर एकालाच काढला होता आणि तो त्याचा सख्खा साडू होता. तेव्हापासून मामीची बहीण घरी येत नाही आणि मामी मामाशी कामापुरतं बोलते. पण नियम जागच्या जागी आहे.

साडूला घरी बसवणारा माणूस भाच्याला ठेवून घेईल, असं समजायला काही आधार नव्हता. भाच्याचं वय सत्तावीस. कुलपाखेरीज दुसरं काही येत नाही. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला भाचाच म्हणायचं, त्यामुळे त्याला जवळपास तीनशे मामा झाले होते. पण पोटाला लावणारा एकच.

चूक अशी होती. चार महिन्यांपूर्वी सोळा घरांच्या एका इमारतीची सोळा कुलपं भरायला आली. मामा गुडघे धरून घरी बसला होता. त्याने एका कागदावर सोळा ओळी लिहून पाठवल्या. एका ओळीत एका कुलपाच्या पाच पिनांचे आकडे. भाच्याने पद्धतीप्रमाणे पहिल्या ओळीखाली पोलादी पट्टी ठेवली. एक कुलूप भरायचं, पट्टी एक ओळ खाली सरकवायची. दुसरं भरायचं, पुन्हा सरकवायची. असं सोळा वेळा त्याने मन लावून केलं.

पट्टीच्या खालच्या अंगाला डिंक लागलेला होता. त्यामुळे पट्टी सरकली की कागदही तिच्याबरोबर सरकायचा.

कागद टेबलावरून हळूहळू खाली येतो आहे, हे भाच्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, टेबलाला उतार आहे. आकडेही ओळखीचे वाटत होते. पण आकडे मुळात दहाच. ते पुन्हापुन्हा भेटणारच, असं त्याने मनाशी म्हटलं. शेवटी प्रत्येक चावी आपापल्या कुलपात फिरवून पाहिली. सोळाच्या सोळा लोण्यासारख्या फिरल्या. चावी दुसऱ्याच्या कुलपात घालून बघायची पद्धत नव्हती. ते कोणाच्या मनात येईल तरी कसं?

सहा दिवसांपूर्वी त्या इमारतीतली दोन माणसं तासाभराच्या अंतराने जादा चावी करायला आली. भाच्याने दोन्ही चाव्या शेजारीशेजारी व्हाइसच्या पकडीत धरल्या. दात्याला दाता जुळत होता आणि त्याला आपले डोळे बिघडल्यासारखं वाटलं. मग त्याने ड्रॉवर उपसून तो जुना कागद काढला. कागदाबरोबर पट्टीही आली. गेले चार महिने तो तीच शोधत होता.

त्यानंतरचे सहा दिवस त्याने मामाच्या नियमाप्रमाणे घाबरण्यात घालवले. सातव्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि इमारतीकडे निघाला.

इमारतीचा सेक्रेटरी तळमजल्यावर एक नंबरात राहायचा. त्याने दार उघडलं तेव्हा एका गालाला दाढीचा साबण होता.

"काका, कुलपांबद्दल बोलायचं होतं."

"उत्तम आहेत."

"उत्तम नाहीयेत, काका."

"अरे, चार महिन्यांत एक तक्रार नाही. आधीच्या कुलपांच्या वेळी रोज कोणीतरी जिन्यात बसलेलं असायचं, चावी अडकली म्हणून. मामांना सांग, सेक्रेटरी खूश आहेत."

"काका, तुमच्याकडे सगळ्यांच्या चाव्या सगळ्यांच्या दारांना लागतात."

सेक्रेटरीने साबण लागलेला गाल खाजवला. "ही सोय आपण मागितली नव्हती."

"सोय नाही ती. चूक आहे. माझी."

"मोठ्या मनाचा आहेस," सेक्रेटरी म्हणाला आणि दार लावू लागला. भाच्याने पाय मध्ये घातला. कबुली द्यायला इतके कष्ट पडतात, हे मामाने सांगितलं नव्हतं.

"तुमची चावी द्या. समोरच्या दाराला लावून दाखवतो."

"समोर नर्सबाई असतात. त्यांची ड्युटी आहे, दुपारी येतील. आत कोणी नाही."

"मग बरंच झालं."

सेक्रेटरीने नाखुशीने चावी दिली. भाच्याने ती दोन नंबराच्या दारात घालून फिरवली आणि दार उघडलं. आत खिडकीशी, आरामखुर्चीत, पायांत सपाता घालून एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते.

 मग गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"या, बसा."

"पोस्टमास्तर?" सेक्रेटरी म्हणाला. "तुम्ही तर वर राहता. सहा नंबरात."

"हो."

"मग हे घर तुमचं नाही."

"नाही. तुमचं आहे का?"

सेक्रेटरीला 'नाही' म्हणावं लागलं. तिघंही आता अशा घरात उभे होते जे तिघांपैकी कोणाचंच नव्हतं, आणि त्यातल्या त्यात पोस्टमास्तरच तिथे शोभत होते.

पोस्टमास्तरांनी सगळं सरळ सांगून टाकलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलाने घरी ढोल वाजवायचे वर्ग काढले. एकदा बाहेरून येताना विचारांच्या नादात ते जिना चढायचंच विसरले, चावी लागली, आत येऊन बसले. तासाभराने लक्षात आलं की ढोल वरच्या मजल्यावर वाजतो आहे. "मी म्हटलं, चावी लागली म्हणजे घर आपलंच असणार. छताकडे पाहून जरा शंका आली. पण शांतता इतकी होती की शंका टिकली नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर रोज. दहा ते एक. झाडांना पाणी घालतो, असं नाही की फुकट बसतो."

"काका," भाचा म्हणाला, "चूक तुमची नाही. कुलूप मी चुकीचं भरलं."

"कसली चूक? तीन महिन्यांत माझा रक्तदाब उतरला."

 आपण माफी मागतो आहोत की आभार स्वीकारतो आहोत, याचा भाच्याला अंदाजच लागेना. तेवढ्यात मागे चावी फिरली. नर्सबाई आज लवकर सुटून आल्या होत्या. तोंडावर ड्युटीचा थकवा आणि हातात पिशवी. त्यांनी आधी सेक्रेटरीकडे पाहिलं, मग भाच्याकडे.

"तुम्ही दोघं इथे काय करताय?"

"आणि हे?" सेक्रेटरीने पोस्टमास्तरांकडे बोट दाखवलं.

"काका रोजच असतात."

पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"खुर्ची गरम असते, काका. आणि माझी झाडं कधी नव्हे ती जगली. मी म्हटलं, असू दे, पार्सल तरी घेतील." मग भाच्याने सगळं सांगितल्यावर बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "म्हणजे माझीच चावी बिघडलेली नाही?"

"नाही."

"सगळ्यांच्याच?"

"हो."

"अगंबाई. मला वाटलं होतं, फक्त माझ्याच चावीने सात नंबर उघडतो. म्हणून बोलले नाही. माझा गीझर बंद आहे ना, मी त्यांच्याकडे अंघोळ करते. ते बाहेरगावी असतात."

सात नंबरात सेक्रेटरीचा भाऊ राहायचा. तो गेले दोन महिने वाढलेल्या बिलावरून विजेच्या खात्याशी भांडत होता. सेक्रेटरीने भिंतीला हात लावला.

बातमी जिन्यावरून आपल्या पायांनी वर चढली. अर्ध्या तासात घरी असलेली सगळी माणसं पायऱ्यांवर जमली. भाच्याने तीन पायऱ्या चढून, घसा साफ करून, पाठ केलेली कबुली दिली. पण ती धड ऐकून कोण घेतंय? त्याचं वाक्य संपायच्या आत चौदा नंबरवाला म्हणाला की तो पाच नंबरात जाऊन मॅच बघतो. पाच नंबरवाली म्हणाली, मग रिमोट गादीखाली तूच ठेवतोस काय मेल्या, मी नवऱ्याला घराबाहेर काढायला निघाले होते. प्रत्येकाला वाटत होतं की बिघडलेली चावी आपली एकट्याचीच आहे, आणि प्रत्येकाने ती लपवली होती. सांगायला एक आला होता आणि कबुल्या मात्र चहूकडून येत होत्या. भाचा मध्ये उभा राहून सगळ्यांना "असू दे, चूक माझी आहे" असं म्हणत होता. त्याला कोणीतरी चहा आणून दिला. आपल्याला हाकलून देतील की मुक्कामाला ठेवून घेतील, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

गिऱ्हाइकांना सांगून झालं, असं समजून त्याने मामाला फोन लावला.

"किती कुलपं?" मामाने विचारलं.

"सोळा."

"त्यात वेगळी किती?"

"एकही नाही."

पलीकडे काठी उचलल्याचा आवाज आला. "येतो," मामा म्हणाला.

मामा पाऊण तासाने आला; एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिनांची पेटी. पहिल्या पायरीवर बसला आणि पेटी उघडून नवं कुलूप भरू लागला. भाचा त्याच्या शेजारी उभा राहिला. राहिलास की गेलास, एवढं तरी मामाने सांगावं, असं त्याला फार वाटत होतं. मामा पिना मोजत होता.

तेव्हा बारा नंबरवाली आली. चष्म्यांच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची. बरोबर शाळेतून आणलेली आठ वर्षांची मुलगी. जिना माणसांनी भरलेला पाहून ती थांबली. "काय झालं?"

जिन्यावरचं हसणं एकदम थांबलं. का थांबलं, ते कोणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं.

भाच्याने सांगितलं. या वेळी पाठ केलेलं काही आठवलं नाही. तुमचं कुलूप मी भरलं, ते चुकीचं भरलं, या सोळापैकी कोणतीही चावी तुमचं दार उघडते, एवढंच तो बोलला.

बाईने ऐकून घेतलं. "चार महिने?"

"हो, ताई."

"चार महिने मी दार लावून मुलीला घेऊन झोपत होते. आधीचं घर मी कशासाठी सोडलं, ते इथे कोणाला सांगायचं कारण नाही. पण इथलं कुलूप नवीन आहे, मजबूत आहे, म्हणून हे घर घेतलं." आवाज चढला नव्हता. नजर तपासताना अक्षरं वाचायला सांगतात, तसा सपाट होता. "तुम्हाला कळलं कधी?"

"सात दिवस झाले."

"आणि सांगताय आज."

"आमच्यात सात दिवस चालतात," भाचा म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याला ते वाक्य ऐकू आलं.

"कोणाला चालतात?"

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामाच्या चिमट्यातली पिन खाली पडली. ती पायरीवरून घरंगळत दारापर्यंत गेली आणि ती उचलायला कोणी हललं नाही.

"तो नियम माझा आहे," मामा म्हणाला. "घाबरणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून केला होता. दाराच्या आतला माणूस माझ्या डोक्यातच नव्हता."

"आता आला?"

"आला."

"आणखी एक विचारायचं होतं," बाई म्हणाली. आता ती सगळ्यांशी बोलत होती. "माझ्याकडे कोण आलं होतं? मध्ये एकदा मुलगी म्हणाली, माझ्या पेन्सिलला कोणीतरी टोक करून ठेवलंय. मी तिला म्हटलं, खोटं बोलू नकोस. रात्री जेवताना पण बोलले तिला."

पोस्टमास्तर म्हणाले, मी नाही. नर्सबाई म्हणाल्या, मी फक्त सातमध्ये. चौदा नंबरवाल्याने फक्त पाच म्हणून शपथ घेतली. 

"मी," सेक्रेटरी म्हणाला. त्याचा साबण गालावर वाळून गेला होता. "मीटर बघायला गेलो होतो. टोक मोडलेलं होतं. मला तसं बघवत नाही."

"काका, तुम्हाला माहीत होतं?" भाच्याने विचारलं. "सकाळी तुम्ही मला..."

"दुसऱ्या महिन्यातच कळलं. पण कुलपं मीच पसंत केली होती. मीटिंगमध्ये एकट्याने भांडून. मग सांगणार कसा?" तो मुलीकडे वळला. "बाळ, पेन्सिल मी केली होती. न विचारता आलो, चुकलं माझं."

बाई खाली वाकली. "ऐकलंस? तू खरं बोलत होतीस. मी उगाच बोलले तुला."

"कुठली पेन्सिल?" मुलीने विचारलं.

बाराचं कुलूप आधी बदलायचं, हे कोणी ठरवलं नाही. मामाने आकडे नव्याने काढले, भाच्याने पिना भरल्या. या वेळी ओळीखाली बोट ठेवून. पाचही आकडे तो मोठ्याने वाचायचा आणि मामा मान हलवायचा. एका ठिकाणी मामाने मान हलवली नाही, तेव्हा भाच्याने पिन काढून पुन्हा मोजली. ती बरोबरच होती. मामा नुसता विचारात पडला होता.

कुलूप बसलं. बाई म्हणाली, "आता सगळ्यांनी आपापल्या चाव्या लावून बघा."

जिन्यावर रांग लागली. एकेकाने पुढे यावं, चावी घालावी, फिरवून बघावी. फिरत नव्हती. प्रत्येक जण चावी काढून बाजूला होताना हळूच "नाही लागत" म्हणत होता; कोणी सुटल्यासारखं, कोणी परीक्षेत नापास झाल्यासारखं. पोस्टमास्तरांनी दोनदा प्रयत्न केला. दोनदा का, असं बाईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, एकदा सवयीने आणि एकदा तुमच्यासाठी. जी माणसं कामावर होती त्यांच्या जादा चाव्या घरच्यांनी आणल्या. सोळा झाल्या.

"आणि तुमच्याकडे?"

भाच्याने खिसे उलटे करून दाखवले. नव्या कुलपाच्या तिन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवल्या. उलटे खिसे घेऊन तो तसाच उभा राहिला.

"तुमच्याकडे चौथी नाही, हे मला कसं कळणार?"

त्याने विचार केला. उत्तर शोधलं. कुलपाच्या शास्त्रात या प्रश्नाची पिनच नव्हती. "नाही कळणार, ताई."

"बरं. आणि चावी नसली तरी? तुम्ही कुलपवाले. तुम्हाला हे बाहेरून उघडता येईल?"

मामा पायऱ्यांवरून वर बघत होता. भाच्याला एकदम लख्ख दिसलं की इथे 'नाही' म्हटलं तर सगळे निवांत होतील. बाई झोपेल, मामाचं नाव राहील, चहा परत येईल. सात दिवस तो ज्याची वाट बघत होता ते सगळं एका शब्दावर मिळत होतं.

"येईल," तो म्हणाला. "सहा मिनिटं लागतील. हात चालला तर पाच."

खाली कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. बहुतेक सेक्रेटरी.

बाई त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता की दुसरं काही, ते त्याला वाचता आलं नाही. खालच्या ओळीतली अक्षरं फार बारीक होती.

"आवाज होतो?"

"होतो. खरवडल्यासारखा. तुम्हाला जाग येईल. आणि आतून आडवी कडी असेल तर सहा मिनिटांनीसुद्धा काही होणार नाही. ती कडी मी आत्ता बसवून देतो. स्क्रू आतल्या बाजूने, तुमच्यासमोर."

"तुम्ही नको," बाई म्हणाली. मग जिन्यावरच्या मामाकडे पाहून, "ते बसवतील. तुम्ही त्यांना पेचकस द्या."

मामा काठी टेकत वर आला. त्याने भाच्याच्या हातून पेचकस घेतला, कडी घेतली आणि आत गेला. दाराच्या फटीतून भाच्याला त्याची पाठ दिसत होती आणि शेजारी पेटीतले स्क्रू एकेक करून देणारी मुलगी. चार स्क्रू झाल्यावर मामा बाहेर आला. मागे दार लागलं. कुलूप फिरलं. मग कडी सरकली. मग काहीतरी जड फरशीवरून ओढत दाराशी आणल्याचा आवाज आला.

दोघं बंद दारापुढे उभे राहिले.

"मामा, मी आहे ना? कामावर?"

मामाने गुडघा चोळला. "मला काय विचारतोस? मी स्वतः आहे की नाही, तेच बघतोय." मग त्याने काठीने खालच्या मजल्याकडे खूण केली. "पंधरा राहिली. पेटी उचल, माझ्याने होणार नाही."

भाच्याने पेटी उचलली. दोन पायऱ्या उतरल्यावर मागून कडी सरकल्याचा आवाज आला आणि तो थांबला. दार उघडलं नाही. कडी पुन्हा सरकून बंद झाली. परत उघडली, परत बंद झाली. आत कोणीतरी ती लावून बघत होतं.